शेवटचा आकडा

मच्छिंद्र घुलेच्या घरी गॅसचा सिलिंडर घ्यायला दोन माणसं लागत. उचलायला नव्हे, आकडे जुळवायला. मोबाइलवर आलेला नंबर शालूने मोठ्याने वाचायचा, मच्छिंद्रने तो पावतीच्या मागे लिहायचा. मग लिहिलेला त्याने वाचायचा आणि शालूने मोबाइलकडे बघत 'मिलान सही' म्हणायचं. तोवर सिलिंडरवाला दारात ताटकळे. एकदा तो वैतागून म्हणाला, "काका, गॅसच आहे, बॉम्ब नाही." शालू हसली. मच्छिंद्र हसला नाही.

औषधाच्या गोळ्या, विजेचं मीटर, भाचीच्या लग्नपत्रिकेतली तारीख, काहीही मिलानातून सुटत नसे. लग्नाला तीस वर्षं झाली होती. शालू एक वेळ आमटीत मीठ घालायला विसरली तर चाले, मिलान विसरून चालत नसे. शेजारपाजारचे म्हणत, फौजेतला माणूस, शिस्त आहे. शिस्त कसली, ती खाज होती. तेवीस वर्षं खाजवूनही न जाणारी.

मच्छिंद्र मूळचा हडपसर गावातला. बापाची भाजीची शेती होती. त्याच जमिनीवर आता चौदा मजले उभे आहेत आणि त्यातल्या पाचव्या मजल्यावर मच्छिंद्र राहतो. जिथे कोथिंबिरीचे वाफे होते तिथे गाड्या लागतात. अठराव्या वर्षी तो भरती झाला, तोफखान्यात गेला, आणि पुढे अशा एका तुकडीत गेला की जिचं नाव तो बायकोलाही सांगत नाही. तशी सही दिलेली आहे. सुभेदार होऊन बाहेर पडला, आणि आता एका आयटी पार्काच्या फाटकावर सुरक्षा पर्यवेक्षक आहे. तिथेही येणाऱ्याच्या गळ्यातल्या कार्डावरचा फोटो आणि वरचा चेहरा जुळवत बसतो. पोरंपोरी कंटाळतात. दाढी वाढवलेल्या एका मुलाला त्याने तासभर बाहेर ठेवलं होतं.

हॉलच्या भिंतीवर एक चौकट आहे. 'कर्तव्यावर असताना दाखवलेल्या असामान्य दक्षतेबद्दल' असं इंग्रजीत लिहिलेलं प्रशस्तिपत्र, खाली सही, शिक्का. कसली दक्षता, कुठे, केव्हा, याचा पत्ता नाही. मुलगी तनुजा दहा वर्षांची असताना फारच मागे लागली, तेव्हा त्याने एक वाक्य सांगितलं होतं, "चुकीचा हुकूम आला होता, मी पकडला." तेवढ्या वाक्यावर तनुजा मोठी झाली. कायद्याला गेली. आणि त्याच वाक्याने यंदा घात केला.

झालं असं की नारायण पेठेतले साठे सर, बाळ साठे, निवृत्त प्राध्यापक, दर महिन्याला एका छोट्या सभागृहात चर्चा ठेवत. या महिन्याचा विषय होता : अणुबॉम्ब टाकण्याचा हुकूम आला, तर सैनिक नकार देईल का? तनुजा तिथे नेहमी जाई. तिने वडिलांचं ते वाक्य सरांना सांगून टाकलं. सरांनी फोन केला.

"घुले, आपण रविवारी येताय. तुकडीचं नाव नको, गावाचं नाव नको. फक्त माणूस काय करतो ते सांगा. सहा म्हणजे सहा. आणि ते प्रशस्तिपत्र आणा, लोकांना बघायला आवडतं."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत फोन ठेवलेला होता. मच्छिंद्र आयुष्यात एकदाच वेळेवर नाही म्हणाला होता, आणि सगळा घोळ त्या नाहीचाच होता.

त्या रात्रीपासून त्याचं जेवणावरून मन उडालं. सकाळी फिरायला निघे आणि अर्ध्यातून परत येऊन दाराचं कुलूप ओढून बघे. दोनदा गिझर बंद केला आणि दोनदा चालू करून पुन्हा बंद केला. शालूने तिसऱ्या दिवशी विचारलं, "अहो, झालंय काय? भाषणाची भीती वाटतीय का?"

"भाषणाची कशाला वाटंल."

"मग पोरीला नाही म्हणून सांगा. एवढं काय त्यात."

त्याने काच पुसायला म्हणून भिंतीवरची चौकट खाली काढली आणि पुसून झाल्यावर परत टांगली नाही. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला.

घडलं होतं ते असं. सीमेवर महिनोन्‌महिने फौजा समोरासमोर होत्या, तो उन्हाळा. वाळू, पत्र्याची खोली, एक टेबल, टेबलाशी दोघं. एक मच्छिंद्र, दुसरा नागोराव खिल्लारे, परभणीकडचा. आत एक पंखा होता, तो वाराही गरम देई. वरून हुकूम येई तो आकड्यांत. सीलबंद पाकिटातल्या कागदावरचे आकडे त्याच्याशी जुळले तर हुकूम खरा. आधी एकाने जुळवायचं, मग दोन्ही कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचे, त्याने जुळवायचं. दोघांनी मोठ्याने 'मिलान सही' म्हटलं की दोघांचे हात आपापल्या बटणावर. दोघांपैकी एकाने जरी 'मिलान नहीं' म्हटलं, तर दोघांनीही हात पाठीमागे घ्यायचे आणि टेबलापासून दोन पावलं मागे सरकायचं. एकाचं नाही म्हणजे दोघांचं नाही. सराव आहे की खरं आहे, हे कधीच सांगत नसत. पाठीमागे साहेब उभा.

सराव त्यांनी शेकडो वेळा केला होता. पण त्या दिवशी साहेबाचा चेहरा वेगळा होता, आणि सकाळीच रेडिओवर जे ऐकलं होतं त्यावरून दोघांनाही वाटलं, हे खरं आहे. नागोरावने कागद जुळवले. "मिलान सही." कागद मच्छिंद्रच्या हातात आले.

आणि त्याला काही दिसेना. डोळे कागदावर होते, आकडे समोर होते, पण डोक्यात शिरत नव्हते. डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. पलीकडच्या कुठल्याशा गावात या घडीला कुणीतरी त्याच्या बापासारखा वाफ्यात बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत असेल, सुतळी दातात धरून. एवढंच. देश नाही, धर्म नाही, मोठे विचार नाहीत. दातात धरलेली सुतळी. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मिलान नहीं." हात पाठीमागे गेले, दोन पावलं मागे सरकला. नागोरावही सरकला, नियमाने.

आता आपलं कोर्टमार्शल, हे त्याला स्वच्छ कळत होतं. साहेबाने कागद उचलले, एकवार बघितले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शाबाश." शेवटचा आकडा जुळत नव्हता. हुकुमात एक होता, कागदावर सात. मुद्दाम ठेवलेली चूक होती ती. हुकूम चुकीचा असेल तर जवान थांबतो का, याचीच परीक्षा होती. मच्छिंद्र पास झाला. नागोराव नापास झाला, आणि आठवड्याच्या आत त्याला टेबलावरून उठवून गोदामात पाठवलं. ताडपत्र्या मोजायला. पुढे त्याला बढती मिळाली नाही. नायक होता, नायक म्हणूनच घरी आला. मच्छिंद्रला चौकट मिळाली.

एका शब्दाने सांगता आलं असतं, साहेब, मी बघितलंच नव्हतं. पण तो शब्द तोंडातून निघाला नाही. आधी भीतीने, मग लाजेने, मग सवयीने. तेव्हापासून मच्छिंद्र प्रत्येक आकडा दोनदा बघतो. जो एक बघायचा राहिला, त्याची भरपाई गॅसच्या पावतीवर चालते.

शुक्रवारी त्याने रजा टाकली आणि कात्रजची बस धरली. नागोराव निवृत्त झाल्यावर पुण्यातच राहिला होता, मुलाच्या नोकरीसाठी. वर्षा-दोन वर्षांनी माजी सैनिकांच्या मेळाव्यात दिसे, लांबून हात करी. घरी मात्र मच्छिंद्र कधी गेला नव्हता. बसमध्ये जागा मिळाली तरी तो बसला नाही, दांडीला धरून उभाच राहिला. काय बोलायचं ते मनात जुळवत होता आणि दर स्टॉपला ते मोडत होतं. कात्रजच्या चढावर दोन खोल्यांचं घर होतं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फुलं. नागोराव उंबऱ्याशी बसून नातवाच्या सायकलची चेन बसवत होता. हात काळे. त्याने वर बघितलं आणि आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही.

"ये. निकिता, चहा टाक वं."

सुनेने चहा आणला. मच्छिंद्रने कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"नागोराव, एक सांगायचं होतं."

"तेवीस वर्षांनी घरी आला म्हंजी सांगायचंच असंल काहीतरी. नुसता चहा प्यायला कोण एवढा चढ चढतंय."

मच्छिंद्रने सांगितलं. न थांबता, खाली बघत. कागद हातात आले, दिसलं नाही, वाचलं नाही, तोंडातून निघालं ते निघालं. आकडा जुळत असता तरी हेच म्हणालो असतो. मला शाबाशी मिळाली ती खोटी. तुझी बढती गेली ती माझ्यामुळे. मी तेव्हाच बोललो असतो तर तुला कुणी एकट्याला नापास केलं नसतं. दोघंही नापास झालो असतो.

नागोराव चिंधीने बोटं पुसत होता. एकेक बोट. मग म्हणाला, "म्या पाह्यलं होतं."

"काय?"

"आकडा. इकडं एक, तिकडं सात. चांगला ठळक दिसला मला."

मच्छिंद्रला वाटलं आपल्याला नीट समजलेलं नाही. "मग सही का म्हणालास?"

"का म्हंजी? मागं साहेब उभा. हुकूम वरून आलेला. वाटलं, मशीनमधी काही झालं असंल, वरच्यांना काय कळत नाही का. हे एक." त्याने चिंधी घडी करून मांडीवर ठेवली. "दुसरं असं, मच्छिंद्र, त्या टेबलावर आमच्यातला मी पहिलाच होतो. मी नाही म्हणलो असतो, आन्‌ त्यांनी म्हणलं असतं का तुला एकचा सात दिसला, उन्हानं डोळे गेले, तर? भ्याला म्हणले असते. आन्‌ नुसता नागोराव भ्याला नसते म्हणले. तू नाही म्हणला ते तुझ्या एकट्याचं. माझं 'नाही' माझ्या एकट्याचं नसतं."

खाली रस्त्यावरून एक ट्रक चढ चढत गेला.

"म्हणजे खरंच झालं असतं तर तू—"

"दाबलं असतं. चूक हाय हे माहीत असून." नागोरावचा आवाज शांत होता, पण हात थांबलेले नव्हते, चिंधीची घडी पुन्हा मोडत होता. "गोदामात पाठवलं ते बरोबरच केलं. त्यांना वाटलं ह्याला दिसलं नाही. दिसलं होतं हे कळलं असतं तर काय केलं असतं कुणाला ठाऊक. तू उगा जिवाला लावून घेतलं एवढे दिवस. चहा पी, गार झाला."

मच्छिंद्र हलका व्हायला आला होता. झालं भलतंच. ज्याने बघितलं नाही तो थांबला आणि ज्याने बघितलं तो दाबायला निघाला होता, हे कुठल्या खात्यात मांडायचं ते त्याला कळेना. त्याला नागोरावचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली, मग साहेबाचा राग आला, आणि शेवटी कुणाचा ते कळेनासं झालं. उठताना त्याने रविवारच्या कार्यक्रमाची पत्रिका नागोरावच्या हातात दिली.

"येतोस का?"

"यीन. मागं बसन. माझं नाव घ्यायचं नाही. आणि मी जे बोललो, ते इथंच."

"बरं."

रविवारी सहा म्हणजे सहाला साठे सरांनी माइकवर टिचकी मारली. साठेक माणसं होती. बहुतेक पिकल्या केसांची, थोडी तनुजाच्या वयाची. भिंतीवर पाटी होती, 'खुर्च्या सरकवू नयेत. सरकवल्यास आवाज करू नये.' प्रत्येकाच्या हातात पत्रिका, तिच्यावर खाली सरांचाच फोन नंबर, येणार असल्यास कळवावे म्हणून. तनुजा पहिल्या ओळीत, शालूच्या शेजारी. नागोराव शेवटच्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.

सर म्हणाले, "आधी आपली परीक्षा. उगाच पाहुण्यांना उघडं पाडायचं आणि आपण झाकून बसायचं, हे बरं नव्हे. समजा हुकूम आला. लाखो माणसं मरणार. आपल्यापैकी कोण नकार देईल? हात वर करा."

सगळे हात वर गेले. शालूचाही, तनुजाचा तर सगळ्यांत आधी. मच्छिंद्र मंचावरून बघत होता. नागोरावचे हात मांडीवर होते. आणि त्याच्या लक्षात आलं की आपलाही हात वर गेलेला नाही.

मग त्याला माइकपुढे उभं केलं. चौकट टेबलावर लोकांकडे तोंड करून ठेवलेली. त्याने घसा खाकरला आणि ठरवलं होतं तेवढं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. जोडीदार होता एवढंच. हा कागद खोटा आहे, तो म्हणाला. दक्षता बिक्षता काही नव्हती. मी आकडा वाचला नाही. मला वाचता आला नाही. तरी नाही म्हणालो, आणि नशिबाने ते बरोबर निघालं. जोडीदाराचं त्यात नुकसान झालं आणि मी तोंड उघडलं नाही. "तनू, तुला मी खोटं सांगितलं होतं," तो म्हणाला.

वाटलं होतं की आता लोक तोंड फिरवतील. झालं उलटंच. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. दोघं-तिघं उभे राहिले. तनुजाच्या डोळ्यांत पाणी आणि ती दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होती. हुकूम न वाचताच नाकारणारा माणूस! मघाच्या चौकटीपेक्षा ही शाबाशी मोठी होती. आयुष्यात दुसऱ्यांदा त्याच नाहीबद्दल त्याचं कौतुक होत होतं, आणि दुसऱ्यांदा नागोराव मागे बसून ते बघत होता.

साठे सर माइककडे झुकले. "तर उत्तर मिळालं म्हणायचं. माणूस शेवटी माणूसच असतो. तो नकार देतो."

"नाही मिळालं, सर," मच्छिंद्र म्हणाला.

टाळ्या विरल्या. त्याने खिशातून पत्रिका काढली. हे त्याने ठरवलेलं नव्हतं, पण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं.

"मघाशी सगळ्यांनी हात वर केला. एक छोटं काम करा. तुमच्या हातात पत्रिका आहे. खाली सरांचा नंबर आहे. मी वाचतो, तुम्ही बघा. जुळत असेल तर बरोबर म्हणा. आम्ही असंच करायचो."

काहींनी चष्मे लावले. काहींनी पत्रिका उघडली, काहींनी नुसती हातात धरली. त्याने एकेक आकडा फौजेतल्यासारखा सुटा वाचला, दहाच्या दहा. शेवटी, "चार, शून्य, एक."

"बरोबर," सभागृह म्हणालं. एका सुरात, समजूतदारपणे. पहिल्या ओळीतून तनुजाचा आवाज आला, बरोबर. शालू तर सवयीने 'मिलान सही' म्हणाली. आणि ज्यांनी पत्रिका छापून घेतली होती, ज्यांचा तो नंबर होता, ते साठे सरही मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे. पुढे?"

मच्छिंद्रची नजर शेवटच्या ओळीवर होती. त्याला एकदम भीती वाटली की तिथूनही तेच येईल.

मागे खुर्ची सरकली, चांगला आवाज करून. माना वळल्या. नागोराव उभा होता. पत्रिका त्याने हातभर लांब धरली होती, चष्मा घरी राहिला होता बहुतेक. त्याने एकदा माइकजवळच्या सरांकडे बघितलं, एकदा सभागृहाकडे, साठ वळलेल्या चेहऱ्यांकडे.

"मिलान नहीं," तो म्हणाला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "शेवटचा सात हाय. त्यानं एक वाचला. मला दिसतंय."

साठे सरांनी आपली पत्रिका डोळ्यांशी नेली. सभागृहभर कागद सळसळले. तनुजाने खाली बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

नागोराव बसला नाही. मच्छिंद्रने माइक सोडला, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि टेबलापासून दोन पावलं मागे सरकला.